विल्फच्या पाट्या

विल्फने ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाच्या ताज्या फांद्या तोडल्या, एक बाजू तासून गाजर, वाटाणा, पालक अशी नावं कोरली आणि त्या पाट्या पेरलेल्या वाफ्यांत खोचल्या. बियाणं गोगलगायींनी फस्त केलं. नावं तेवढी उरली. “पाट्या झकास आल्यात,” शेजारची एनिड म्हणाली. “भाजी कधी वाढतोस?” नगरपालिकेची ही भाड्याची जमीन त्याला अकरा वर्षं रांगेत थांबून मिळाली होती, तपासणीत वाफे ओसाड दिसले की हातची जाणार. तपासणीच्या सकाळी विल्फ मान खाली घालून आला आणि थबकला. विलोच्या ताज्या फांद्यांनी ओल्या मातीत मुळं धरली होती आणि प्रत्येक पाटीला पालवी फुटली होती. तपासनीसबाईंनी चष्मा चढवून ‘गाजर’ वाचलं. “गाजर असं येतं?” “यंदा तसंच आलंय, बाई.” बाईंनी वहीत ‘लागवड जोमात’ लिहिलं. त्या गेल्यावर विल्फने आणखी एक पाटी कोरून मधोमध खोचली: ‘विलो’. या वेळी वाळक्या लाकडाची.