होवारची गाडी

“थंडीत तुझ्या होवारच्या गाडीची बॅटरी निम्म्यावर येते म्हणे,” गुनवोर कॉफी ढवळत म्हणाली. “आमच्या सिग्रिदची बघ. बर्फ पडो, वादळ येवो, एका चार्जिंगमध्ये ट्रॉन्डहाइमहून थेट आपल्या नामसोसला. वर सात माणसं ऐसपैस.”

“सात माणसं आहेत कुठे तुमच्यात?” बोर्गिल्द म्हणाली. “होवारच्या गाडीची डिकी बघ एकदा. चौघांचं सामान, वर बर्फावर घसरायच्या फळ्या, सगळं मावतं. आणि सीटा कशा चटकन गरम होतात!”

“बघितली असती गं. आली असती तर.”

बोर्गिल्दने बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि विषय बदलला.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय गाड्यांनाही लागतो. या दोघी शेजारणी वर्षभर गाड्यांवरून भांडत, पण भांडण गाड्यांचं नव्हतंच. गुनवोरच्या लेकीची, सिग्रिदची, गाडी दर महिन्याला तिच्या दारात चार्जिंगला लागलेली दिसे. बोर्गिल्दच्या मुलाची, होवारची, गाडी तिच्या दारात येऊन दोन वर्षं होत आली होती.

तरी एका बाबतीत बोर्गिल्द शेजारणीच्या पुढे होती. होवारच्या गाडीचं ॲप तिच्या फोनवर होतं. गाडी घेतली तेव्हा त्यानेच ते घालून दिलं होतं. “मी विसरतो, मम्मा. तू पहाटेच उठतेस, तूच गाडी गरम करून ठेवत जा,” असं तो चेष्टेने म्हणाला होता. बोर्गिल्दने ते मनावर घेतलं. सकाळी कॉफी ठेवली की ती फोन उचलून बटण दाबायची. लांब ट्रॉन्डहाइममध्ये काचांवरचा बर्फ वितळायचा, सीट उबदार व्हायची. थोड्या वेळाने नकाशावरचा निळा ठिपका हलला की तिला बरं वाटे. लेक भेटत नव्हता, त्याची गाडी तरी भेटायची. दुधाची तहान ताकावर.

होवार हे सगळं विसरून गेला असावा. तिनेही कधी आठवण करून दिली नाही. आई पाळत ठेवते असं वाटून त्याने ॲप बंद केलं तर काय करायचं?

गेल्या शरदात ठिपका रात्रीचा दुसऱ्याच रस्त्यावर थांबायला लागला. पोराने घर बदललं आणि आईला सांगितलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. पण विचारायचं कसं? तिने फोनवर आडून विचारलं, “गाडी बरी आहे ना रे?”

“गाडी?” होवारने विचारलं. “हो, बरी आहे. मम्मा, मी कामात आहे गं. मग बोलतो.”

मग काही तो बोलला नाही. पण नव्या घरी गेल्यापासून पोरगा सुधारला होता, हे तिला ठिपक्यावरून कळत होतं. रात्रीचं भटकणं थांबलं होतं. रविवारी गाडी चर्चपाशी दिसे, आणि तिथून निघाली की दफनभूमीपाशी बराच वेळ थांबे. कोण गेलं असेल याचं? वय वाढलं की माणूस मऊ होतो, असं तिने स्वतःला सांगितलं. जानेवारीत ती तापाने फणफणली होती, तेव्हाही सकाळचं बटण चुकलं नाही.

ईस्टरला येशील का, असं तिने महिनाभर आधी विचारलं. “बघतो, नक्की नाही,” एवढंच उत्तर आलं. तरी तिने सणाच्या जेवणासाठी कोकराची मांडी आणून ठेवली.

सुट्टी लागली त्या गुरुवारी तिने बटण दाबलं, आणि काही वेळाने ठिपका निघाला. शहराबाहेर पडला. उत्तरेकडे वळला. बोर्गिल्द फोन हातात धरून खुर्चीत बसली ती उठेचना. नामसोसच्या वाटेवरच्या स्टाइनशेरला गाडी चार्जिंगसाठी थांबली, तेव्हा मात्र तिचा जीव भांड्यात पडला. इथून पुढे तो दुसरीकडे कुठे जाणार?

तिने मांडी ओव्हनमध्ये सरकवली. मग स्वतःची जुनी, लहानगी गाडी चार्जरवरून काढून रस्त्याच्या कडेला बर्फात नेऊन लावली. होवारची गाडी दारात चार्जिंगला लागायला हवी होती, सगळ्यांना दिसेल अशी.

कुंपणापलीकडून गुनवोरने विचारलं, “अगं, खरंच येतोय?”

“हे बघ ना!” बोर्गिल्दने फोन नाचवला.

“मग एक फोन करून विचार तरी, कितीजण येताहेत.”

“छे! त्याला मला चकित करायचंय. कशाला विरस करू?”

गुनवोरचा आवाज एकदम मवाळ झाला. “बरं झालं बाई. आता ती डिकी दाखव हं मला.”

टेबलावर पिवळं कापड आलं, मेणबत्त्या आल्या, आणि बरोबर कुणी आलंच तर असावीत म्हणून चौघांची ताटं आली. बोर्गिल्दने केस दोनदा विंचरले. ठिपका नामसोसचा पूल ओलांडून तिच्या रस्त्याला लागला, तशी ती कोटही न घालता, घरातल्या सपातांवर बाहेर धावली.

करडी गाडी वळून हळूच आत आली. तीच गाडी, तोच नंबर. बोर्गिल्दने हात उंचावला. शेजारच्या खिडकीतून गुनवोरनेही उंचावला.

दार उघडून एक म्हातारा उतरला. बोर्गिल्दने त्याच्या पलीकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर पाहिलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

म्हाताऱ्याने टोपी काढली. “माफ करा, न विचारता आलो. ही गाडी मी सप्टेंबरात विकत घेतली. तुमचा पत्ता तिच्या नकाशात साठवलेला होता,” तो म्हणाला. “बायको गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही. पण रोज सकाळी गाडीत बसलो की स्क्रीनवर येतं, ‘मम्माने गाडी गरम केली आहे.’ त्या मम्मा तुम्हीच का?”