डब्याचे ठोके

बायको पुरात वाहून धरणाच्या पाण्यात गेल्याचं कळलं, त्या दिवशी धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या मामांच्या हाती फक्त तिचा पत्र्याचा डबा आला. ती सापडलीच नाही.

दोघांची रीत ठरलेली होती. पाणी सोडण्याआधी मामा भोंगा वाजवायचे. मग खालच्या काठावरून ती नदीत कुणी नाही ना ते बघायची आणि डबा वाजवायची. दोन ठोके म्हणजे नदी मोकळी. वाजतच राहिला, तर थांबा. "तुमच्या भोंग्यापेक्षा माझा डबा शहाणा," असं ती चिडवायची.

आज धरण काठोकाठ भरलं होतं. मामांनी भोंगा वाजवला आणि डबा वाजू लागला. थांबेचना. तिचा डबा तर मामांच्या पाठीमागे खिळ्याला टांगलेला होता.

"कोण बडवतंय?" धरणावरचे साहेब कठड्यावरून वाकून बघून आले. "खाली चिटपाखरू नाही. उघडा, मामा! भिंत फुटली तर अख्खं गाव जाईल."

मामांनी बटणावर बोट ठेवून कान दिला. आवाज नदीतून येत नव्हता. दरवाज्याच्या मागून, भरल्या पाण्यातून येत होता.

"अगं, सरक ना बाजूला," ते पुटपुटले.

डबा वाजतच राहिला. पाणी चढत होतं, आणि दरवाजा उघडायचा राहिला होता.