हिरवा पट्टा

ठेकेदार माणसं आणि करवत घेऊन आला तेव्हा मैनी मोहाच्या झाडाखालची पानं झाडत होती. फुलं पडायच्या आधी जमीन लख्ख करायची, ही गावची रीत.

“हो बाजूला,” म्हणत ठेकेदाराने तिच्या मनगटाकडे पाहिलं. बंदूक टाकून जंगलातून परतलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला सरकारने पट्टा बांधला होता. राग आला की तो लाल व्हायचा, आणि लाल झाला की पुन्हा तुरुंग.

“बंदूक होती तोवर मिजास होती तुझी. आता झाडूच मार!”

मैनी बुंध्याला पाठ टेकून बसली. पट्टा हिरवाच होता.

“झाड माझ्या आईचं आहे. आधी मला कापा.”

ठेकेदार शिव्या देऊ लागला. त्याचं तोंड लालबुंद झालं.

“साहेब,” मैनी म्हणाली, “पट्टा चुकीच्या माणसाला बांधलाय.”