मंगळवारचा निरोगी माणूस

मास्तरांनी डाव्या हाताची बाही दंडापर्यंत वर केली, मूठ आवळली आणि नजर छताला चिकटवली. प्रयोगशाळेच्या छताची एकूण एक भेग त्यांना तोंडपाठ होती. आज हा शेवटचा मंगळवार. उद्या बायको निवृत्त होणार आणि ही सुई सुटणार.

मास्तर कवायतीचे. मैदानावर त्यांनी शिट्टी फुंकली की मुलंच काय, कुंपणावरचे कावळेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत बसत, असं सांगतात. कोण सांगतं? मास्तरच. पण सुईचं टोक दिसलं की हा गडी स्वतःच रांग मोडून पळे. दवाखान्याची पाटी दुरून दिसली तरी ते रस्ता बदलत.

तरीही लग्न झाल्यापासून दर मंगळवारी ते या स्टुलावर येऊन बसत, कारण हात मागणारी बायको होती. विषाणू अंगात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या पोटातली रसायनं कशी पालटतात, हे शोधण्यात डॉक्टरबाईंचा जन्म गेला. आजारी रक्ताला तिथे तोटा नव्हता. पण आजार ओळखायचा तर शेजारी निरोगी रक्त ठेवून ताडून बघावं लागतं. "मला एक धडधाकट माणूस हवाय," असं बाई नव्या नवलाईत म्हणाल्या, आणि मास्तरांची छाती जी फुगली ती पुन्हा म्हणून खाली आली नाही. जगातले सगळे ताप माझ्या रक्ताच्या गजाने मोजतात, असं ते पाहुण्यारावळ्यांना ऐकवत.

बाईंच्या लहरींचा मात्र नेम नसे. एका बुधवारी साखरेचा डबा माळ्यावर गेला, तो गेलाच. एकदा मास्तर ठणठणीत असताना बाईंनी त्यांना अंथरुणात कोंडलं, वर पांघरूण घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सणसणून ताप भरला. तो पडून राहिल्यामुळेच आला, असं मास्तरांचं ठाम मत होतं. हुशार बाईशी संसार करायचा तर एवढं चालायचंच, असं ते मित्रांना समजुतीने सांगत.

आज मात्र त्यांची छाती पार आत गेली होती. काल संध्याकाळी बाईंनी सत्काराच्या भाषणाची तालीम त्यांच्यासमोर केली. त्यात एका पिवळ्या गोळीचं नाव आलं. ही गोळी घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी खोटं बोलतात, बाई वाचत होत्या. असा एक माणूस निरोगी म्हणून धरला, तर सगळं मोजमाप नासतं.

ती गोळी त्यांनी खाल्ली होती. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा व्यायामशाळेतल्या एका दोस्ताने सुचवली, आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने निमूट दिली. गुडघे हरणासारखे पळू लागले. बायकोला सांगायची सोय नव्हती. धडधाकट माणसाची जागा गेली असती. पुढे ती गोळी महिन्यागणिक बारीक होत गेली, पार मोहरीएवढी झाली, आणि मग कंपनीनेच बंद केली म्हणून औषधवाल्याने हात वर केले. मास्तरांनी कंपनीचा उद्धार केला आणि ते मालिशच्या तेलावर आले. तेलाची बाटली नशिबाने त्याच आठवड्यात बाईंनी आणली होती.

सुई कातडीला टेकणार, तोच मास्तर म्हणाले, "अगं, थांब. उद्या ते भाषण करू नकोस."

मग छताकडे बघतच त्यांनी सगळं ओकून टाकलं. गोळी, दोस्त, गुडघे. तुझ्या जन्मभराच्या कामात मी माती कालवली, म्हणाले. उद्या चारचौघांत कुणी विचारलं तर माझं नाव सांग, म्हणाले. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. शिट्टीवाल्या माणसाचा आवाज असा फुटलेला त्या खोलीने ऐकला नव्हता.

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरं स्टूल ओढून त्या समोर बसल्या. ते रक्त कधी संशोधनात गेलंच नव्हतं, त्या सांगू लागल्या. पहिल्याच मंगळवारी भिंगाखाली बघितलं तर शाळा सुटल्यासारखी पांढऱ्या पेशींची नुसती पळापळ. भीतीने होतं तसं. तुलनेला ते कुचकामी. निरोगी रक्त दारावरचा पहारेकरी देई. तो सुई टोचलेली असतानाही घोरत असे.

मास्तरांचा चेहरा उतरला. मनावरचं ओझं गेलं खरं, पण छातीतली उरलीसुरली हवाही गेली.

"एकदाही नाही वापरलंस?"

"एकदाही नाही."

"मग इतकी वर्षं मला टोचत कशाला होतीस?"

"दवाखान्यात आला असतात तुम्ही?"

माळ्यावरचा साखरेचा डबा मास्तरांना आठवला. ठणठणीत अंगावर घातलेलं पांघरूण आठवलं. मग त्यांनी प्रथमच छतावरून नजर काढली आणि बायकोकडे पाहिलं.

"आणि तो औषधवाला?"

"गोळी एकदम तोडली असती तर कोसळला असतात. म्हणून त्याला हळूहळू बारीक करायला लावली."

मास्तरांनी डोळे पुसले. बाही खाली ओढत ते खाकरले आणि म्हणाले, बरं तर, संपलं आता, उद्यापासून तू मोकळी आणि माझा हातही मोकळा.

बाईंनी बाही पुन्हा दंडापर्यंत सरकवली. "निवृत्त मी संशोधनातून होतेय, अहो. मूठ आवळा."