दोन्हीकडून पाच सूत

ड्रॉवर काही केल्या सरकायच्या लोखंडी चॅनेलवर बसेना. जावयाने तो उचलून ठेवला, ढकलला, पुन्हा उचलला. शेवटी खाली वाकून चॅनेलांची हळू आवाजात मनधरणीही करून पाहिली. लोखंड कधी मनधरणीला बधलंय? दारात खुर्ची टाकून बसलेले सासरे हे सगळं बघत होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. पाचच्या गाडीने ते आपल्या गावी निघायचे होते.

जावई शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशावरचं बोटभर अंतर म्हणजे चारशे मैल, असली मापं घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने पंधरा दिवस खपून मागच्या खोलीसाठी कपाट केलं होतं. कुणासाठी, ते कुणी बोलत नव्हतं. बायकोने त्याला कानात सांगून ठेवलं होतं, "राहा म्हणू नकोस. राहा म्हटलं, की बाबा चपला शोधायला लागतात." म्हणजे जे काही म्हणायचं, ते कपाटानेच म्हणायचं होतं. आणि कपाटाची तर दातखीळ बसलेली.

चॅनेल घेताना दुकानदाराने बजावलंच होतं, "बाजूला लावायचं घ्या, सर. ते चार चुका पोटात घालतं. हे ड्रॉवरच्या बुडाखाली बसतं, दिसत नाही, आपलं आपण मिटतं. पण मिलिमीटरची चूक माफ करत नाही." जावयाला वाटलं, कपाट सुताराच्या नजरेखालून जाणार, लोखंड दिसता कामा नये. म्हणून त्याने न दिसणारं घेतलं. आता लोखंड दिसत नव्हतं, चूक तेवढी लांबून दिसत होती.

"किती कमी केलेत?" सासऱ्यांनी अखेर विचारलं.

"बेचाळीस मिलिमीटर, बाबा. चॅनेलच्या कागदावर आहे तेवढेच."

"म्हणजे आमच्या आठ सुतांच्या इंचाने एक इंच पाच सूत, वर केसभर. कपाटाच्या आतल्या मापातून बेचाळीस वजा, आणि राहिला तेवढा ड्रॉवर?"

"हो."

"आतून तेवढा, का बाहेरून?"

जावयाने कागद उलगडला. 'ड्रॉवरची आतील रुंदी' असं त्यावर ठळक छापलेलं होतं. त्याने बाहेरची धरली होती. ड्रॉवरच्या बाजूच्या दोन फळ्या, सोळा-सोळा मिलिमीटर जाडीच्या.

"बत्तीसने लहान झाला," तो म्हणाला. "नवा करावा लागेल. प्लाय संपलाय, आणि दुकान उघडेल सोमवारी." आज शनिवार होता. पाचची गाडी सोमवारसाठी थांबणार नव्हती.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "एका न्यायाधीशांना मी टेबल करून दिलं होतं. खण इतका हलका, की साहेब शिंकले की खण उघडायचा. एकदा त्यांना आठवडाभर सर्दी झाली, तर बाईंनी खणाला दोरी बांधून ठेवली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मी डॉक्टर आहे का?"

एवढं बोलून ते उठले. गुडघे कटकन वाजले. कोपऱ्यात कापून उरलेल्या त्याच प्लायच्या दोन लांब पट्ट्या त्यांनी उचलल्या आणि कपाटाच्या आत दोन्ही अंगांना लावून पाहिल्या.

"ड्रॉवर लहान झाला म्हणून मोडायचा नसतो, जावईबापू. भिंती जवळ आणायच्या. दोन्हीकडून पाच-पाच सूत, आणि चॅनेल या पट्ट्यांवर."

"पाच सूत म्हणजे पंधरा पूर्णांक..."

"म्हणजे तुमचे सोळा, केसभर कमी. केस तुम्ही घाला. माझे संपले."

चहाचं विचारायला लेक दारापर्यंत आली, तेव्हा एका कपाटात दोन डोकी होती. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"हळू."

"हळूच फिरवतोय, बाबा."

"स्क्रू हळू फिरतोय. माझ्या बोटाला लवकर लागतोय."

लेक चहाचं न विचारताच मागे फिरली. लोक म्हणत, या सासरा-जावयाचं सूत काही जुळत नाही. ते सूत आजवर कुणी पट्टी लावून मोजलं नव्हतं, इतकंच.

चॅनेलं पुन्हा बसली. सासऱ्यांनी गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का पाहिलं, हुं केलं. जावयाने ड्रॉवर वर ठेवून मागे सारला. खालून दोन बारीक आवाज आले, टक, टक. त्याने बोट लावलं. ड्रॉवर आत निघाला, शेवटच्या तीन बोटांवर दबकला आणि आपणहून मिटला.

सासरे कान देऊन उभेच.

"झाला बंद?"

"झाला की."

"सांगायचं तरी." त्यांनी करंगळीने ड्रॉवर ओढला, सोडला. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला.

"बाबा, पावणेपाच," लेक आतून म्हणाली. आवाज अगदी सपाट ठेवून, मोठ्या कष्टाने.

जावई हातातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक निरखू लागला.

"रिकामा ड्रॉवर कुणाचाही पळतो," सासरे ड्रॉवर आणखी एकदा ओढून म्हणाले. "भरून बघितल्याशिवाय काम झालं म्हणू नये."

"किती दिवस बघावं लागतं?" जावयाने मान वर न करता विचारलं.

"ते आता कसं सांगू? प्लाय थंडीत एक असतो, उन्हाळ्यात दुसरा." ते स्वयंपाकघराकडे वळले. "पोरी, घरात भरायला काही आहे का?"

लेकीने दाराशी बांधून ठेवलेली त्यांची पिशवी आणली आणि ड्रॉवरपाशी ठेवली. सासऱ्यांनी खाली बसून गाठ सोडली. वरचे दोन सदरे काढून जावयाच्या हातात दिले.

"आधी एवढेच," ते म्हणाले. "नव्या चॅनेलवर वजन एकदम टाकायचं नसतं."