भेव

पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून शिवम विहिरीच्या काठावर उभा होता. बावीस वर्षांचा, सहा फुटी गडी. असा डबा बांधून गावातली पोरं सातव्या वर्षी पोहायला शिकतात आणि आठव्या वर्षी सोडून देतात.

खाली पाण्यात त्याची धाकटी बहीण मंजुषा पाय मारत तरंगत होती. "मी हावो न दादा. मार उडी!"

शिवम हलला नाही. फौजेच्या ट्रेनिंगमध्येही असंच झालं होतं. धावण्यात पहिला, निशाण्यात दुसरा. पण पोहण्याच्या तलावात उंच फळीवरून उडी मारायची म्हटलं की पाय फळीला चिकटायचे. तीन संधी मिळाल्या, तीनदा तो शिडीवरून उलटा उतरला आणि मागच्या महिन्यात कायमचा घरी आला. शेलूबाजारच्या चौकात त्याच्या अभिनंदनाचं बॅनर मात्र अजून झळकत होतं.

विहिरीचे मालक उकंडराव मोटार सुरू करायला आले, ते डबा पाहून थबकले.

"काय फौजी, सरकारनं बंदूक नाही देल्ली वाटते. डबा देल्ला?"

त्यांच्या मागोमाग बाजूच्या वावरातून आलेले, हळद काढणारे दोघे खो खो हसले. शिवमचे कान तापले. गुडघा दुखावला म्हणून सांग, असं खुद्द त्याच्या बापानं, पुंजाजीनं, त्याला बजावलं होतं.

"पाण्याले भेलो काका, म्हनून वापस पाठोलं," तो म्हणाला.

"मंग आता कायले शिकून राह्यला? फौज तं गेली."

"फौज गेली. भेव कुठी गेलं?"

शिवमनं डोळे मिटले, मग मुद्दाम उघडले आणि उडी मारली. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत, थरथरत तो पायऱ्या चढून वर आला आणि पुन्हा उडी मारली. मग पुन्हा. दर खेपेला त्याचे पाय पहिल्याइतकेच लटपटत होते. इतके पाय कापत असताना उडी मारणारा गडी त्या शिवारानं आजवर पाहिला नव्हता.

चौथ्यांदा तो वर आला तेव्हा हसणारे हळदीच्या वावरात परतले होते. मोटार सुरू करायची राहूनच गेली होती. उकंडराव एकटेच उभे होते, सदऱ्याची बटणं सोडत.

"आन थो डबा इकडे," ते इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले. "चाळीस वर्सं झाले इहीर खंदून. म्या अजून पाय नाही ओला केला."