दोन बँडचा रेडिओ

यशोदाबाई जळगावला जाऊन आकाशवाणीवर कानबाई देवीची गाणी गाऊन आल्या होत्या आणि ती रविवारी सकाळी लागणार होती. म्हणून रुपचंदभाऊ धुळ्याला रेडिओ घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "एका बँडवर जळगाव लागेल. दोन बँडचा घेतलात तर अख्खं जग लागेल." बायकोचा आवाज जळगावपुरताच कशाला ठेवायचा, असं म्हणत भाऊंनी दोन बँडचा उचलला.

रविवारी अंगणात सगळी गल्ली गोळा झाली. भाऊंनी बटण जगाच्या बाजूला केलं आणि काटा फिरवायला घेतला. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं बोलून गेली, शिट्ट्या झाल्या, खरखर झाली, पण यशोदाबाई काही लागेनात. शेजारचा पुना म्हणाला, "भाऊ, ते बटण जळगावकडे करी दखा ना." एवढं भारी गाणं लहान बँडवर कसं येईल, म्हणून भाऊंनी त्याला उडवून लावलं.

वाट बघून कंटाळलेल्या यशोदाबाई भाऊंच्या शेजारीच बसून तेच गाणं गुणगुणू लागल्या. हळूहळू त्यांचा आवाज चढला, बायांनी मागून सूर धरला, आणि रेडिओ सोडून सगळी गल्ली त्यांच्याकडे तोंड करून बसली.

रेडिओला कान लावलेले भाऊ मान न वळवताच खेकसले,



"चूप बस व जराशी. तुनं गाणं आयकू दे माले."